दोन इंची फळी

कुठलीही लाकडी वस्तू दिसली की भाऊजी आधी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करायचे, कान द्यायचे आणि म्हणायचे, "ओलं आहे." आमच्या नव्या सोफ्यावर बसण्याआधीही त्यांनी त्याच्या पायावर टकटक केली. सोफा आम्ही आदल्याच दिवशी हौसेने आणला होता. मी त्यांच्या चहात साखर जरा कमीच घातली.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे कंपनीतले सहकारी, आणि अमेरिकेत मॉरिसव्हिलला आमचे शेजारी. ऐंशीच्या दशकात मॉरिसव्हिल म्हणजे पाइनची झाडं, रेल्वेचे रूळ आणि मोजून चार मराठी घरं. तुम्हीही परदेशात राहिला असाल तर ठाऊक असेल, अशा ठिकाणी शेजारी निवडायची सोय नसते. भाऊजी दिवसभर प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या चाचण्या घ्यायचे आणि संध्याकाळी प्लास्टिकला नावं ठेवायचे. त्यांचे वडील चिपळूणला सुतारकाम करत. वडिलांचा रंधा आणि दोन पटाश्या भाऊजींनी विमानातून आणल्या, आणि सामानात जागा नाही म्हणून सुमनताईंचा, म्हणजे बायकोचा, कुकर मागे राहिला. हे सुमनताईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं.

त्या घरात जेवणाचं टेबल नव्हतं. विकतचं आणायचं नाही, मी करीन, असं भाऊजींनी जाहीर केलं होतं. तोवर ते स्वतः घडीच्या टेबलावर, सुमनताई ओट्यापाशी उभ्याने आणि मुलगी मेधा टीव्हीसमोर, अशी तिघं तीन ठिकाणी जेवायची. भाऊजींच्या मनाला ते लागलं होतं. मेधा घरात आहे तोवर सगळ्यांनी एका टेबलावर जेवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मग एका वादळात पलीकडच्या आवारातला ओक पडला. भाऊजींनी तो मागून घेतला, कापून दोन इंच जाडीच्या फळ्या आणल्या आणि गॅरेजमध्ये, मध्ये पट्ट्या घालून, एकीवर एक रचल्या. गाडी बाहेर पावसात गेली. वडिलांचा नियम असा होता, की इंचाला एक वर्ष. ओलं लाकूड घाईने रंधलं तर ते पुढे आकसतं, जोड सैल होतात, फटी पडतात. दोन इंचांना दोन वर्षं, आणि मेधा कॉलेजला जायलाही दोनच वर्षं होती. गणित चोख होतं.

दर रविवारी ते एक फळी छातीशी कवटाळून बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभे राहायचे, त्यातून स्वतःचं वजन वजा करायचे आणि उरलेला आकडा पेन्सिलीने फळीच्या पाठीवर लिहायचे. आकडा उतरायचा थांबला की लाकूड वाळलं. स्वतःचं वजन मात्र ते महिन्यातून एकदाच करत, त्यामुळे गणपतीत मोदक झाले की लाकडात पाणी वाढायचं. "ह्यांचं लाकूड वाळेपर्यंत मीच वाळेन," सुमनताई म्हणायच्या.

एक वर्ष झालं आणि मेधाला कॅलिफोर्नियातल्या कॉलेजात वर्षभर आधीच प्रवेश मिळाला. पोर हुशार निघाली, त्याला कोण काय करणार. चारी घरांत पेढे वाटले. भाऊजी हातात पेढा घेऊन गॅरेजमध्ये गेले आणि आतून टकटक ऐकू आली. ते बाहेर आले तेव्हा मेधाने त्यांचा चेहरा पाहिला.

"डॅड, इट्स ओके. आय विल बी होम फॉर ख्रिसमस."

"ये," भाऊजी म्हणाले. "पण तेव्हा पाहुणी असशील."

जुलैत एका शनिवारी गॅरेजमधून रंध्याचा आवाज आला. इतकी वर्षं ऐकून घेतलेलं, फेडायची संधी मी कशी सोडणार? लगेच गेले.

"काय भाऊजी, वाळलं का?"

"नाही, वहिनी."

आणि रंधा चालवत राहिले. टोमणा तयार होता, तो मी तसाच घरी परत आणला.

एकही खिळा न वापरता, एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं तासलेलं टोक, म्हणजे कुसू, बसवून त्यांनी टेबल उभं केलं. वेळ पुरला नाही, म्हणून खालची बाजू रंधायची राहिली. मेधा शनिवारी जाणार होती. शुक्रवारी आम्हीही जेवायला होतो. वरणभात, बटाट्याची भाजी, श्रीखंड. मेधा कोपर टेबलावर टेकून दीड तास बसली. भाऊजी जेवले कमी. त्यांनी टेबलावर एकदाही टकटक केली नाही.

थंडीत घरातला हीटर सुरू झाला आणि टेबलाला बोटभर फट पडली. वरण सांडलं की थेट मांडीवर. माझ्या नवऱ्याने फट बुजवायचा उपाय सुचवला. "असू दे," भाऊजी म्हणाले. पुढची सगळी वर्षं ते घर फटीच्या दोन्ही बाजूंना ताटं मांडून जेवलं.

भाऊजी जाऊन आता तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात सुमनताईंनी घर आवरलं. त्या मेधाकडे जर्सी सिटीला राहायला गेल्या. सामान न्यायला आलेल्या माणसाने विचारलं, हे फुटकं टेबल टाकायचं ना? मेधाने नाही म्हणून मान हलवली आणि ते जर्सी सिटीला न्यायचं म्हणून पाय सुटे करायला आम्ही उलटं केलं. एका फळीवर पेन्सिलीचे आकडे, रविवारमागून रविवार. सगळ्यात खाली एक ओळ होती.

मेधाला मराठी वाचता येत नाही. "मावशी, व्हॉट डझ इट से?"

मी वाचलं: "ओलं आहे. मेधा शनिवारी जाते."

तिने पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.