पायी फिरणारे बेलीफ

देवराम साळवे ठाण्याच्या कोर्टात एकतीस वर्षं बेलीफ होते. बेलीफ म्हणजे कोर्टाचं समन्स घरोघरी नेऊन हातात देणारा माणूस. निवृत्तीला आठवडा उरला तेव्हा त्यांचा भाग नव्या बेलीफ संचिता गुरवकडे द्यायचं ठरलं. संचिता रत्नागिरीकडची, सव्वीस वर्षांची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काका, माझी स्कूटी आहे. दिवा गावात तासाभरात जाऊन येऊ."

"स्कूटी राहू दे," देवराम म्हणाले. "बसनं जाऊ."

नवीन असताना ते एकदा साहेबांच्या जीपमधून समन्स द्यायला गेले होते. जीप गल्लीत शिरली आणि दारं पटापट लागली. पुढच्या खेपेला चालत गेले, तर एका बाईनं पाणी विचारलं आणि हवा तो माणूस समोर आणून उभा केला. तेव्हापासून कोपरीतल्या घरून कोर्टापर्यंत आणि कोर्टातून गावभर त्यांची पायपीट सुरू झाली ती सुरूच होती.

त्या दिवशी एकच समन्स होतं. रंगूबाई भोईर, साईकृपा चाळ, पाण्याच्या टाकीमागे, दिवा पूर्व. भावांनी मुरबाडच्या जमिनीच्या वाटणीचा दावा लावला होता आणि तारीख दुसऱ्या दिवशीची होती. याआधी दोनदा 'पत्ता सापडत नाही' असा शेरा पडून कागद परत आला होता. आताही नाही पोचला तर बाईचं म्हणणं न ऐकताच काम पुढे सरकलं असतं.

शीळफाट्याला बसमधून उतरले, तर शेअर रिक्षा बंद. देवराम सरळ चालू लागले. कुठं रस्ता ओलांडायचा, कुठल्या कुंपणाच्या कडेनं सावली मिळते, हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. संचिता मोबाईलवरचा नकाशा बघत मागून येत होती. नकाशानं दाखवलेली वाट पुढे एका नाल्यात संपली. देवराम केव्हाच डावीकडच्या चिंचोळ्या बोळात वळले होते.

दिव्यात साईकृपा नावाच्या पाच चाळी निघाल्या. टाकीमागेही दोन होत्या आणि दोन्हीकडे रंगूबाईला कोणी ओळखत नव्हतं. संचिता घामानं भिजली होती. "काका, शेरा मारून जाऊया ना," ती म्हणाली.

देवराम एका पिठाच्या गिरणीपाशी थांबले. गिरणीवाल्या पंढरीला त्यांनी रंगूबाईचं नाव विचारलंच नाही. "नाचणी कोण आणतं रे तुझ्याकडं दळायला?"

"इथं कोण नाचणी खातंय? एकच म्हातारी आणते, मंगळवारी. गुडघा दुखतो तिचा, टेकत टेकत येते. मोबाईल टॉवरच्या खाली राहते, पत्र्याच्या खोलीत."

संचिता देवरामांकडे बघतच राहिली. कागदावर जमिनीचं गाव म्हणून फक्त मुरबाड लिहिलं होतं, आणि मुरबाडकडे नाचणीची भाकरी खातात. त्यावरून हा माणूस बाईच्या ताटातल्या भाकरीपर्यंत पोचला होता.

रंगूबाई उंबऱ्यात बसली होती. तिचं घर कुठल्याच साईकृपात नव्हतं. देवराम तिच्यासमोर खाली बसले. सगळा कागद सावकाश वाचून दाखवला, मग अंगठा घेतला. ती घाबरून म्हणाली, "ठाण्याला मी एकटी कशी येऊ, दादा? मला जिने चढवत नाहीत."

"जिना नाहीच चढायचा. सकाळी सातला इथल्या नाक्यावरून ठाण्याची एकच बस सुटते, ती धरा. कंडक्टरला म्हणा, मला बसायला जागा द्या आणि कोर्ट नाक्याला उतरवा. उतरलात की रस्ता ओलांडू नका. उजव्या हाताला चाला. पन्नासेक पावलांवर झेरॉक्सचं दुकान आहे, बाहेर स्टूल असतं. साळव्यांनी पाठवलंय म्हणा, बसू देतात. मुतारी त्याच्याच मागे, स्वच्छ आहे. गेटाच्या आत खालीच मोफत वकिलाची खोली आहे."

संचितानं मोबाईल पिशवीत टाकला. तिला वाटत होतं, काकांना रस्ते पाठ आहेत. त्यांना तर दुखऱ्या गुडघ्याच्या बाईनं कुठं टेकायचं हेही पाठ होतं. आणि अशा किती म्हाताऱ्यांसाठी या माणसानं हे शहर चालून ठेवलं असेल, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला रंगूबाई खालच्या खोलीत वकीलबाईंसमोर बसलेली दिसली. कोर्टानं तिला म्हणणं मांडायला महिन्याची मुदत दिली. निकाल अजून लांब होता.

संध्याकाळी संचिता स्कूटी कोर्टातच ठेवून देवरामांबरोबर कोपरीपर्यंत चालत निघाली. अर्ध्या तासाच्या वाटेला सव्वा तास लागला, कारण पावलोपावली लोक थांबवत होते. एका टपरीवाल्यानं दोघांना चहा दिला.

"याच्या घरी मी तीनदा जप्तीचा कागद नेलाय," देवराम हळूच म्हणाले.

"आणि तरी चहा पाजतो?"

"कोर्टाची तारीख कधी चुकू दिली नाही मी त्याची," ते म्हणाले आणि पेला खाली ठेवून चालू लागले.