ज्योत्स्नाबेनची झोपेची गोळी

माझा गुडघा सुजला आणि त्याचं औषध आमच्या घरमालकीणबाईंनी घेतलं.

आता सगळे मलाच हसतात. पण चूक डॉक्टरांची आहे. मी नागपूरचा. कोयलीच्या रिफायनरीत बदली होऊन जेमतेम वर्ष झालेलं. माझं गुजराती म्हणजे हिंदीच्या शेवटी 'छे' लावायचं, एवढंच. गुडघा नारळाएवढा झाला म्हणून दवाखाना गाठला, तर डॉक्टरांनी कागदाच्या पुडीत पिवळ्या, पारदर्शक गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "आ सोजा माटे छे. रोज बे."

सो जा! माणूस लंगडत आलाय आणि हा त्याला झोपवतोय! असा संताप आला की तरातरा बाहेर पडावं. (लंगडत असल्यामुळे तेही जमलं नाही.)

बडोद्यातल्या घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत आम्ही वरच्या मजल्यावर, घरमालकीण ज्योत्स्नाबेन खाली. कांदा-लसूणही न खाणाऱ्या. मी आलो तेव्हा ओट्यावर गुडघे चोळत बसल्या होत्या.

"भाई, मने ऊंघ ज नथी आवती," त्या म्हणाल्या.

ऊंघ म्हणजे झोप, एवढं मला कळलं. मी अख्खी पुडी त्यांच्या हातात ठेवली. माझा स्वभावच परोपकारी, त्याला काय करणार.

तीन आठवड्यांनी त्या आमच्या दारात उभ्या. "तमे घरमां मच्छी रांधो छो. आखो दिवस मने वास आवे छे. घर खाली करजो."

मी पेटलोच. "मच्छी? आमच्या घराण्यात कुणी अंड्याकडे वाकडी नजर टाकली नाही, आणि तुम्ही..." एवढ्यात त्यांना ढेकर आला. माशाचा वास थेट माझ्या नाकात.

"जोयुं?" त्या विजयाने म्हणाल्या. "अत्यारे पण आवे छे." आत्तासुद्धा येतोय म्हणे!

त्या गेल्यावर बायकोने (ही मूळची बडोद्याची) मला विचारलं, "वास त्यांच्याच ढेकराला होता. तुम्ही त्यांना काय दिलंत?"

"झोपेच्या गोळ्या. डॉक्टरच म्हणाले, सोजा माटे."

"अहो, सोजा म्हणजे सूज."

डॉक्टरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "फिश ऑइल छे, साहेब. शरीरनी अंदरनी बळतरा, सोजो ओछो करे. बधाने नहीं, केटलाकने."

सूज कमी करणारं माशाचं तेल, आणि तेही काहींनाच लागू पडणारं! आधी सांगायला काय झालं होतं यांना?

घर जाणार हे उघड होतं. तरी कबुली द्यायला निघालो, तर ज्योत्स्नाबेन जिन्यातच भेटल्या. कठड्याला हात न लावता चढत होत्या.

"बेन, त्या गोळ्या... त्यात माशाचं तेल..."

"मने ओछुं संभळाय छे," मला कमी ऐकू येतं, असं त्या ठामपणे म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "ऊंघ तो हजी नथी आवती, पण घूंटण सरस थई गया. पेली गोळी बीजी लावजो ने. घरनी वात हमणां रहेवा दो."

झोप नाही, पण गुडघे बरे झाले, म्हणून त्याच गोळ्या आणखी हव्या आणि घराचं तूर्त राहू दे! घर राहिलं. आता दर महिन्याला मीच लंगडत जाऊन पुडी आणतो. दोन आणल्या तर दोन्ही त्याच ठेवून घेतात. आणि डॉक्टर दर वेळी माझा गुडघा दाबून बुचकळ्यात पडतात, "आटली गोळी लीधी, तोय सोजो उतर्यो नथी?"

आता त्यांना काय सांगू? सूज उतरली आहे, पण खालच्या मजल्यावर.