एकही भोक नसलेली पानं
लसणाची फोडणी बसली की निपाणीजवळच्या आमच्या घरातली ती सकाळ नाकात शिरते. इंग्रजांचा अंमल होता, मी नवी सून होते. तंबाखूवर अळी पडली म्हणून सासऱ्यांनी व्यापाऱ्याकडची हिरवी विषारी पूड फडक्यातून साऱ्या शेतावर धुरळली. घरच्या मिश्रीसाठी बांधाकडची एक ओळ तेवढी सोडली. त्या ओळीची अळीनं चाळण केली. असली पानं थोरल्या जावेला कशी द्यायची, म्हणून मी आतल्या ओळीतली एकही भोक नसलेली पानं निवडली, पूड जावी म्हणून धुऊन वाळवली आणि तिला दिली. ती तव्यावर भाजू लागली, तसा घरभर लसणाचा वास सुटला. "चुलीत लसूण पडला काय गं?" तिनं विचारलं. "न्हाय आक्का." मग ती बोटानं दातांना मिश्री लावत हसली, "लई झ्याक पान आणलंस बघ." दुपारपासून उलट्या-जुलाब सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. सगळे म्हणाले, पटकी. मीही मान हलवली. अळीनंही ज्याला तोंड लावलं नव्हतं, ते पान मी तिला हौसेनं दिलं होतं. ती हिरवी पूड तापली की तिला लसणासारखाच वास येतो. आता माझ्या ताटात लसूण नसतो. सुनांना वाटतं, म्हातारीचं काही व्रत असेल.