पहिल्या फोटोतली चीर

तिचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं होतं. लांब काटकुळे पाय आणि मान पुढे काढून तुरुतुरु पळायची सवय, त्यामुळे शाळेत, गल्लीत आणि शेवटी घरातही ती टिटवीच झाली. सातवीत असताना एकदा दूध आणायला म्हणून निघाली आणि दुकान मागे टाकून तीन चौक पुढे पळत गेली. कशाला, ते तिलाच सांगता येईना. आईने पाठीत एक धपाटा घातला आणि मग स्वतःच हसत सुटली.

आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. दिवसभर ओल्या चादरी इस्त्रीच्या तापल्या रोलरमध्ये सरकवायच्या. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने-नवे डाग. बाप ट्रकवर. महिन्यातले चार दिवस घरी, त्यातले दोन झोपेत. तेव्हा टिटवीच्या पळण्याकडे लक्ष देणारा माणूस एकच होता, शाळेतले खेळाचे सर.

सरांनी तिला नववीत हेरलं. गळ्यात कायम स्टॉपवॉच, आवाज कर्कश, शाबासकी द्यायची म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. सोळा वर्षांच्या नोकरीत त्यांचा एकही विद्यार्थी कॉलेजच्या संघात गेला नव्हता, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यावरून टोमणे चालत. टिटवी पळायला लागली आणि त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. पहाटे साडेपाचला ते तिच्या आधी मैदानावर हजर असायचे. पाऊस असो, थंडी असो. बापाने कधी विचारलं नव्हतं, “आज कसं झालं?” सर रोज विचारायचे.

बारावीच्या वर्षी एका स्पर्धेत मोठ्या शहरातल्या कॉलेजच्या प्रशिक्षक बाईंनी तिला पाहिलं. शर्यत संपल्यावर जवळ येऊन म्हणाल्या, “निवड शर्यत दहा आठवड्यांनी आहे. तीन हजार मीटर. दहा मिनिटं पंधरा सेकंदांच्या आत ये आणि पहिल्या दोघींत ये. बाकी शिक्षण, राहणं, खाणं आमच्याकडे.”

तिची सगळ्यांत चांगली वेळ दहा एकतीस होती. सोळा सेकंद कापायचे होते.

सरांनी आठवड्याचे पन्नास किलोमीटर नव्वदवर नेले. सहाव्या आठवड्यात डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, बोट टेकेल एवढ्याच जागी, दुखायला लागलं. आधी पळून झाल्यावर दुखायचं. मग पळताना. मग जिना उतरतानाही.

“सर, इथे ठणकतंय.”

“ठणकणारच. शरीर नाटकं करतं, आपण बघायला बसायचं नसतं.”

घरी आईने विचारलं, “लंगडतेस का गं?”

“छे! बूट चावतोय.”

हे खोटं मात्र तिचं स्वतःचं होतं. कुणी पढवलेलं नव्हतं.

शर्यतीला आठ दिवस राहिले तेव्हा तिला पाऊल टेकवेना. सर तिला मोटारसायकलवर बसवून इस्पितळात घेऊन गेले. शनिवारची दुपार, आई सुट्टीवर. एक्स-रे फोटो काढणाऱ्याने पाय उलटसुलट करून दोन फोटो घेतले आणि सांगितलं, डॉक्टर सोमवारी बघतील. “मी आणतो रिपोर्ट,” सर म्हणाले, “तू आराम कर.”

सोमवारी संध्याकाळी ते मैदानावर आले. 

“हाडाला काही नाही. सूज आहे नुसती. चार दिवस पळायचं नाही, पट्टी बांध, आणि रविवारी सुटायचं.”

तिचा जीव भांड्यात पडला. इतका, की कागद बघायचा असतो हे तिच्या मनातही आलं नाही.

रविवारी ती पळाली. पहिल्या चार फेऱ्यांत पायाने कुरकूर केली नाही. पाचव्या फेरीत नडगीत कुणी तापली सळई धरल्यासारखं झालं. सर कुंपणाशी ओरडत होते, “हात चालव! हात चालव!” तिने हात चालवले. शेवटच्या वळणावर एकीला मागे टाकलं, दुसऱ्या क्रमांकाने रेषा ओलांडली आणि तिसऱ्या पावलाला काडी मोडावी तसा आवाज आला. तो जवळ उभ्या असलेल्या पंचांनीही ऐकला. वेळ लागली होती दहा अकरा.

इस्पितळात आई धुलाईघरातून तशीच धावत आली, ॲप्रनसकट. फोटो काढणारा आईला रोज बघणारा. तो चकित झाला. “ही तुमची मुलगी? मावशी, अहो हिला पळू दिलंत कशी? पहिल्याच फोटोत चीर होती. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. त्या सरांना मी स्वतः समजावून सांगितलं.”

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टिटवी छताकडे बघत राहिली. तिला वाटलं, याची काहीतरी गल्लत होतेय.

प्लॅस्टर चढल्यावर तिसऱ्या दिवशी दोघी शाळेत गेल्या. खेळाच्या खोलीत चेंडूंची जाळी, मोडके अडथळे आणि टेबलामागे सर.

“रिपोर्ट कुठे आहे?” आईने बसायच्या आधीच विचारलं.

सरांनी आढेवेढे घेतले नाहीत. खण उघडला आणि कागद टेबलावर ठेवला. नीट घडी घातलेला.

“ताई, त्या दिवशी ही पळाली नसती तर जागा गेलीच होती. पळाली तर निदान आशा होती. मी विचार करूनच ठरवलं.”

“तुम्ही ठरवलंत? पोटची पोर तुमची आहे का?”

सर टिटवीकडे वळले. “तूच सांग. मी तुला कागद दाखवला असता तर तू काय म्हणाली असतीस? पळते, असंच म्हणाली असतीस ना?”

टिटवीने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. ते खरं होतं. ती पळालीच असती.

“हो,” ती म्हणाली. “पण ते मला म्हणू द्यायचं होतंत.”

सरांनी नजर खाली घातली. माफी मागितली नाही. आईने कागद उचलला, लेकीला कुबड्या दिल्या आणि दोघी बाहेर पडल्या.

पंधरा दिवसांनी कॉलेजच्या बाईंचं पत्र आलं. भाषा गोड होती. वेळ उत्तम आहे, पण संघाला याच वर्षी पळणारी मुलगी हवी. जागा तिसऱ्या आलेल्या मुलीला दिली आहे. लवकर बरी हो. शेवटच्या वळणावर जिला मागे टाकलं होतं तीच ती. आई तक्रार घेऊन मुख्याध्यापकांकडे गेली, तर ते म्हणाले, “बघतो.” त्यांनी बघितलं ते एवढंच, की वर्ष सरायच्या आत सर क्रीडा विभागात मोठ्या हुद्द्यावर गेले. त्यांच्या अर्जात लिहिलं होतं, शाळेच्या मुलीची तीन हजार मीटरची वेळ, दहा अकरा.

टिटवीने गावातल्याच कॉलेजात हिशेबनिसाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. हाड जुळलं, पण किंचित तिरकं. हवा बदलली की ठणकतं. वर्षभराने एकदा ती पहाटे मैदानावर गेली, दोन फेऱ्या पळाली आणि परत आली. दम लागला नव्हता. नुसता कंटाळा आला होता, आणि त्या कंटाळ्याचीच तिला भीती वाटली. पुन्हा गेली नाही.

परवा बसथांब्यावर सर भेटले. अंगाने सुटले होते, गळ्यात घड्याळ नव्हतं.

“पळतेस का?”

“नाही.”

“चूक करतेस. शेवटची फेरी काय मारली होतीस! तशी फेरी मी आयुष्यात पाहिली नाही.”

आणि टिटवीचा ऊर भरून आला. तीन वर्षं ती ज्या शाबासकीसाठी ऊर फुटेस्तोवर पळाली होती, ती आता, इथे, अशी मिळाली होती, आणि तिला ती गोड लागली. याच गोष्टीचा तिला सरांवरच्या रागापेक्षाही जास्त संताप आला. बस अजून आली नव्हती. तरी ती थांबली नाही. पिशवी खांद्याला लावून, डावा पाय जरा जपत, ती चालत घराकडे निघाली.