झालरीतला भुंगा

झालरीचा तुकडा आईच्या खुर्चीवर पडला तेव्हा दूध उतू जाईल म्हणून ती आत गेली होती. खुर्ची व्हरांड्यात, अगदी छपराच्या कडेखाली. हातभर लांबीची फळी, दोन गंजके खिळे खाली तोंड करून, तिनं निवडायला घेतलेल्या मेथीवर येऊन आदळली. मी कामावरून आले तोवर तिनं ती भिंतीला टेकवून ठेवली होती आणि मेथीची भाजीही करून टाकली होती. "वाऱ्यानं पडली," म्हणाली. त्या दिवशी पान हलत नव्हतं.

झालर म्हणजे आमच्या घराच्या मंगळुरी कौलांच्या कडेला लावलेली नक्षीची लाकडी पट्टी. ती माझ्या वडिलांनी केलेली. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते आमच्या कानडी शहरातल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत, एका लहान कारखान्यात फिटर होते. तिथे बाहेरदेशची यंत्रं पाइनच्या खोक्यांतून यायची. खोकी फोडली की अण्णा साहेबांना विचारून फळ्या सायकलला बांधून घरी आणायचे आणि रविवारी अंगणात बसून त्यांतून वेलबुट्टी कापायचे. रंग त्यांनी कधी लावू दिला नाही. रंगाखाली लाकूड दिसत नाही, एवढंच कारण सांगायचे. त्याऐवजी दर वर्षी दिवाळीच्या आधी शिडीवर चढून, जुन्या बनियनच्या बोळ्यानं जवसाचं तेल चोळायचे. दिवाळी म्हटलं की मला उटण्याच्या आधी तो वास आठवतो.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला राहणाऱ्या माझ्या भावानं फोनवर फोटो बघितला आणि निकाल देऊन टाकला. "वाळवी आहे. सगळं उतरव, ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकू." ढगात फ्लॅट घेतलेल्या माणसाला कौलांचं काय कळणार, असं मी मनात म्हटलं. तोंडानं मात्र कानडीतलं होकाराचं "सरी" म्हटलं.

मी स्वतः अण्णांच्याच पीण्यात तपासणीच्या खात्यात आहे. पास की नापास हे दिवसभर सांगायचं काम. माणसांच्या बाबतीतही ती सवय जात नाही, असं घरचे म्हणतात. वाळवी असती तर मातीच्या रेघा दिसल्या असत्या. माती कुठेच नव्हती. शिडी लावून वर गेले. फळीच्या खालच्या अंगाला, पाऊस लागत नाही तिथे, करंगळी जाईल अशी भोकं होती, गिरमिटानं पाडल्यासारखी गोल. त्यांच्याखाली पांढऱ्या भिंतीवर पिवळट ओघळ. एका भोकात तार घातली. ती थोडी वर गेली, आडवी वळली आणि लाकडाच्या रेषेबरोबर आत सरकतच राहिली. टिचकी मारली तर फळी पोकळ वाजली. तेवढ्यात एक काळाभोर भुंगा कानापाशी घुमला आणि मी शिडीवरून पडता पडता राहिले. आता वेगळा पुरावा नको होता.

पण इतकं पोखरायचं तर खाली रोज भुसा पडायला हवा. मला तो कधीच दिसला नव्हता. मी खाली उतरून आईला विचारलं, "भुसा कोण झाडतं?"

"मी," ती म्हणाली. "तू उठायच्या आधी."

आमच्यात माणूस गेल्यावर घरात भुंगा घुमला तर त्याला हाकलत नाहीत. गेलेलं माणूस बघायला आलं असं धरतात. काही वर्षांपूर्वी अण्णांचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी व्हरांड्यात भुंगा आला होता. आईनं सगळ्यांना गप्प केलं होतं. मीही हात जोडले होते. नंतर मी कामाला लागले, विसरले. आईनं मात्र आपली खुर्ची त्याच्या भोकाखाली ओढून घेतली होती. दुपारभर ती तिथे बसून भाजी निवडायची, आणि मला वाटायचं तिला उजेड लागतो.

मला भयंकर राग आला. "फळी डोक्यात पडली असती म्हणजे?"

"पडली असती तर पडली असती."

ती तिथून उठणार नव्हती आणि फळ्या काही वर टिकणार नव्हत्या. भीतीनं माझी जीभ सुटली. मी म्हटलं, "भुंगा कोरड्या, उघड्या लाकडाला येतो. दर वर्षीचं तेल असतं तर कशाला आला असता? अण्णा गेल्यावर कुणी लावलं तेल? तू नाही, मी नाही, भावानं तर नाहीच. म्हणून आला तो. अण्णा नाहीत म्हणून आला, समजलं?"

ती म्हणाली, "म्हणजे हे गेले ते त्याला आधी कळलं. आपल्याला फळी पडल्यावर."

मी शिडी उचलून भिंतीला लावून ठेवली.

शेवटी तीच म्हणाली, "काय करायचं ते कर. पण स्वल्प थांब. आतली पिल्लं जाऊ देत." मी प्रत्येक भोकात कापसाचा सैल बोळा बसवला. बोळा बाहेर ढकललेला दिसला की आत कुणी आहे असं समजायचं आणि ते भोक सोडून द्यायचं. आई तोवर खुर्ची मागे, दाराशी घेऊन बसली. सकाळी बोळे बघण्याचं काम तिनं आपण होऊन घेतलं. "आज एकानं ढकललाय," असं मला दाताला ब्रश असतानाच सांगायची.

सगळे बोळे जागच्या जागी राहायला लागले तेव्हा मी सुट्टी काढली. पोकळ भाग कापून तिथे नव्या फळ्या जोडल्या. बाकीची भोकं गोल खुंट्या आणि सरस घालून बुजवली, वर लांबीची पुट्टी भरली, घासलं. वेलबुट्टी अण्णांसारखी जमली नाही. माझ्या टेबलावर आली असती तर मी नापास केली असती. आई म्हणाली, तेल लाव. पण दर वर्षी शिडीवर कोण चढणार? मी तांबूस ऑइलपेंट लावला. आईनं वर बघितलं, "चांगलं दिसतंय," म्हणाली आणि आत गेली. तिला ते चांगलं दिसलं नव्हतं. कापलेला एक पोकळ तुकडा तिनं माझ्याकडून परसातल्या पेरूला सुतळीनं बांधून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी घरी होते. आई खुर्चीवर, जुन्या जागी, भाजी निवडत होती. भुंगा आला. नव्या रंगाच्या फळीपुढे तो हवेत थांबला, खाली-वर झाला, बाजूला सरकला, परत त्याच जागी आला. भोक तिथे नव्हतं. आपण बरोबर काम केलं आहे हे मला दिसत होतं.

आईनं मान वर केली. मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि परसाकडे हात दाखवला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "इथं नाही. तिकडं, पेरूला."