बिल्टीवाल्या ताईंचे मार्क

"श्वास कुठं घेतला?"

कोणाचंही गाणं ऐकून झालं की ताई आधी हेच विचारत. ऐकताना उजव्या हाताची करंगळी वर धरत आणि गाणाऱ्याने श्वास घेतला की ती खाली आणत. डोळे मिटलेले. समोर कोण आहे, त्याचे केस कसे रंगवलेत, गळ्यात काय लटकतंय, याच्याशी त्यांना काही घेणं नसे. बावन्न वर्षांची, तपकिरी सुती साडीतली, चपला दाराबाहेर नीट जोडीने ठेवणारी ही बाई रॅपची सगळ्यांत कडक परीक्षक होती, असं मी सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा. मीही लोकांना हसवलं होतं. तेच सांगायला बसलो आहे.

रायपूरच्या गुढियारी भागात एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात ताई बिल्टी पुकारत. बिल्टी म्हणजे मालासोबत जाणारा कागद. कोणाचा माल, किती पोती, कोणती खूण, कुठल्या गावाला, हे त्या मोठ्याने वाचत आणि हमाल त्याप्रमाणे गाडीत माल चढवत. पूर्ण बिल्टी एका दमात. मध्ये थांबल्या तर हमालांची पावलं चुकत. त्यांचे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होते आणि जयंतीला वस्तीत गाणी म्हणत. आवाज तिथून आला होता, दम गोदामातून.

माझी तात्यापाऱ्यात एका कापडाच्या दुकानावर रेकॉर्डिंगची खोली आहे. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा सरकारी योजनांच्या जाहिराती आणि निवडणुकीची गाणी यांवर माझं बरं चाललं. नंतर रॅप करणारी पोरं यायला लागली. ताई आल्या त्या गोदामासाठी एक सूचना रेकॉर्ड करायला. एका टेकमध्ये आटोपलं. जाता जाता त्यांनी मी वाजवत असलेलं एका पोराचं गाणं ऐकलं. करंगळी वरच राहिली.

"हा पोट्टा श्वासच नाही घेऊन राहिला, भाऊ. तीन तुकडे जोडले तुम्ही."

"चार," मी म्हटलं.

"मंग एक चांगला जोडला."

त्यानंतर दर रविवारी त्या येऊ लागल्या. आधी ऐकायला, मग एक वही घेऊन. स्वतःचं लिहिलेलं म्हणून दाखवत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोन काढून बाजूला ठेवला.

गाडी सेठची, माल सेठचा, रस्ता सरकार करते,
पाठ तेवढी माह्या बापाची, तिचं भाडं कोण भरते?

पुढे अठरा ओळी होत्या आणि श्वास फक्त दोन. तेही अशा जागी, की तिथली शांतताही शब्दासारखी वाटावी. मी म्हटलं, "ताई, या वयात हे कुठून काढलं?"

"वयाचं काय काढता? मी नवीन आहे. आठ महिनेच झाले लिहून राहिली." हे त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या. आठ महिन्यांचं नवखेपण त्यांना मिरवायचंही नव्हतं आणि लपवायचंही नव्हतं. कोणी कौतुक केलं की त्या विचारत, "गाणं चांगलं आहे, का बाईनं म्हटलं म्हणून चांगलं आहे?" मला उत्तर द्यावं लागे. त्यांचा माझ्या कानावर विश्वास होता.

मग नव्या रॅपरांची स्पर्धा आली. पैसा एका बिल्डरचा, ज्याचे तेलीबांध्याकडे फ्लॅट उभे राहत होते. पहिल्या फेरीचे परीक्षक तिघं: मी, कॉलेजातले संगीताचे एक प्राध्यापक आणि रेडिओवर बोलणारी एक मुलगी. मीच हट्ट धरला की नावं नकोत, चेहरे नकोत, वय नको. फक्त नंबर आणि आवाज. गुणवत्तेवर निवड व्हावी, असं मी बैठकीत दोनदा म्हणालो. स्वतःचं भाषण मला फार आवडलं होतं.

ताईंचा आवाज मी अर्थातच ओळखला. बाकी दोघांनी ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. तरी साठपैकी छप्पन्न मिळाले. पहिला नंबर. दुसऱ्या नंबरावर एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता, चाळीस मार्कांवर. त्याचे फोनवर हजारो चाहते होते आणि प्रत्येक ओळीत तुकडे जोडल्याचे सांधे होते, माझ्या खोलीत लावतो तसेच.

नावांची पाकिटं उघडली. बिल्डरने वयाचा रकाना पाहिला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "भैया, नया टैलेंट बोले थे। ये तो मेरी मौसी की उमर की है। इसका फोटो लगाऊँ होर्डिंग पे?"

प्राध्यापक चष्मा पुसत बसले. रेडिओवाली मुलगी म्हणाली, "पण आवाज..." आणि माझ्याकडे बघून थांबली. मी काही बोलेन, अशी तिची अपेक्षा होती. मी बोललो.

"फाइनल में बुला लेते हैं ना, बीच में। कॉमेडी आइटम। पब्लिक हँसेगी।"

ही कल्पना मला कोणी मागितली नव्हती. बिल्डरने माझ्या खांद्यावर थाप मारली. त्या थापेसाठी मी ते केलं, दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही. ताईंना मी एवढंच कळवलं, की तुम्ही फायनलमध्ये आहात.

फायनलचा मांडव तळ्याकाठी होता. संध्याकाळी ताई आल्या त्या निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत. सोबत गोदामातले चार हमाल, इस्त्रीच्या शर्टात, अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आलेले. मी मिक्सरवर होतो. निवेदकाने माइक घेतला. "अब थोड़ा हँस लेते हैं! तालियाँ बजाइए, आ रही हैं रैपर दादी!"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि बीट सुरू केला.

चौथ्या ओळीवर, बिल्डरशी ठरल्याप्रमाणे, मी गाढवाचं ओरडणं वाजवलं. मांडव फुटला हसून. ताई थांबल्या नाहीत. पुन्हा वाजवलं. पुन्हा हशा. तिसऱ्या वेळी त्यांनी गाढवाला पुरतं ओरडू दिलं आणि ते संपल्या क्षणी पुढचा शब्द असा टाकला, की जणू ते ओरडणंही त्यांनीच लिहिलं होतं. पुढच्या दोन रांगा गप्प झाल्या. एक पोरगी फोन खाली ठेवून ऐकू लागली.

तेव्हा मला भीती वाटली. लोक हसतील याची नाही, ऐकतील याची. मी बीटच बंद केला.

शेवटच्या आठ ओळी त्यांनी काहीही साथ नसताना म्हटल्या. एका दमात. टाळ्या चार हमालांनी वाजवल्या आणि मागच्या कोणीतरी पुन्हा गाढवाचा आवाज काढला.

खाली उतरून त्या सरळ माझ्याकडे आल्या. "भाऊ, ते गाढव काय होतं?"

"मशीन बिघडलं."

"असू द्या. माह्ये मार्क सांगा."

त्यांना बक्षीस नको होतं. हसलेल्या लोकांचंही त्या काही बोलल्या नाहीत. आपण कुठे उभ्या आहोत, एवढंच त्यांना एका जाणत्या माणसाकडून हवं होतं. मी म्हटलं, "कमी पडले, ताई."

"कुठं?"

शब्दांचं नाव घेतलं असतं, तर त्या भांडल्या असत्या. तालाचं घेतलं असतं, तर पटलं नसतं. कुठलं खोटं त्यांच्या आत जाईल, हे मला नेमकं ठाऊक होतं.

"श्वास. शेवटी तुटत होता."

ताईंचे ओठ हलत होते. मनातल्या मनात त्या आठही ओळी पुन्हा म्हणून पाहत असाव्यात. मग म्हणाल्या, "मले नाही समजलं. पण तुमचा कान आहे. असन."

बक्षीस त्या पोराला मिळालं. होर्डिंगवर चार महिने त्याचा फोटो होता.

रविवारी ताई आल्या नाहीत. पुढच्याही नाही. काही दिवसांनी गोदामावरून गेलो, तर बिल्टी कोणी दुसराच पुकारत होता, अडखळत. एका हमालाला विचारलं. "ताईने टेबलाचं काम मागून घेतलं. दम पुरत नाही म्हणते."

मला त्यांच्याकडे जायला तीन वर्षं लागली. गुढियारीतल्या घरी त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. थाप, गाढव, बंद केलेला बीट, श्वास. त्या निवडत राहिल्या. माझं संपल्यावर विचारलं, "तं मार्क किती होते?"

"साठपैकी छप्पन्न. पहिला नंबर."

त्यांनी हिशेब केल्यासारखं वर पाहिलं. "छप्पन्न जास्त आहे. दुसऱ्या कडव्यात एक शब्द भरतीचा होता. मी पन्नास दिले असते." थोड्या वेळाने, "अन् तो पोट्टा?"

"चाळीस."

"त्याले सांगितलं?"

"नाही."

"काहून? मले खोटं सांगितलं, मी चूप झाली. त्याले खोटं सांगितलं, तं तो बोलूनच राहिला. कोणाचं जास्त वाटोळं केलं तुम्ही?"

मी माफी मागितली. "ते राहू द्या. आधी त्याले सांगा. लहान आहे, अजून शिकन." त्यांनी चहा दिला. मी म्हटलं, पुन्हा या, आपण नीट रेकॉर्ड करू. त्यांनी दोन ओळी म्हणायला घेतल्या. तिसऱ्या शब्दावर खोकला आला आणि थांबेना. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "आता खरंच नाही पुरत, भाऊ."

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. मला हमालांकडून कळलं, तेही तेराव्या दिवसानंतर. त्यांच्या आवाजाचं माझ्याकडे काहीच नाही. स्पर्धेच्या फाइली मी तेव्हाच पुसून टाकल्या होत्या, गोदामाची सूचनाही त्यांच्यासोबत.

तो पोरगा आता लग्नांच्या संगीत कार्यक्रमांत गातो. म्हणजे मागे रेकॉर्ड वाजतं आणि तो ओठ हलवतो. चाहते दुसऱ्या कोणाकडे गेले, तिशी जवळ आली, बोलावणी कमी झाली. मराठी घरातलाच आहे, पण माझ्याशी हिंदीत बोलतो. परवा नवं गाणं घेऊन आला. अकरा तुकडे जोडावे लागले. झाल्यावर त्याने हेडफोन काढला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसला. चेहरा खरोखर घाबरलेला होता.

"सर, इस बार सच बताना। कैसा है?"

मी त्याच्याकडे पाहिलं.

"एकदम मस्त," मी म्हटलं.

तो खाली वाकला आणि माझ्या पाया पडला.