पाठ माझी, सुई त्यांची

माझ्या पाठीवर त्यांना फक्त पेनानं रेघा मारायच्या होत्या. तेवढ्यासाठी हाडांच्या एका डॉक्टरांनी रबरी हातमोजे घातले.

मी टेबलावर पालथा पडलो होतो. शर्ट आणि बनियान खुंटीला. भोवती डॉक्टरांचं कोंडाळं. मी पण डॉक्टरच. त्यांच्यासारखाच अर्ज करून शिकायला आलेला. हातमोज्याचं बोट कमरेवर टेकलं. गार, पावडर लागलेलं. सुई टोचायची नव्हती. रक्त नव्हतं, जखम नव्हती. सकाळी साबण लावून धुतलेली पाठ होती. मोजे कशाला ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

राग आला नाही, हे आधीच सांगून टाकतो. लाजही वाटली नाही. ती पाठ दुसऱ्या कोणाची तरी आहे आणि मी नुसता तिच्यासोबत आलोय, एवढंच वाटलं. त्यांनी रेघ मारली, फुली मारली, मोजे काढून टोपलीत टाकले. मी उठून शर्ट घातला आणि चहाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

भिलाई तेव्हा मध्यप्रदेशात होती. एका ट्रस्टचा दवाखाना होता, आता तो नाही, नावाचं काही काम नाही. तिथं दुखण्याच्या इलाजाचा तीन महिन्यांचा कोर्स निघाला. न जाणारं दुखणं, कमरेचं, गुडघ्याचं, कॅन्सरचं. त्यासाठी वेगवेगळ्या खात्यांचे डॉक्टर एका खोलीत आणले. हाडांचे, नसांचे, औषधांचे, आणि आम्ही भूल देणारे. हाडवाल्यांना सगळं दुखणं हाडात दिसे, नसवाल्यांना नसेत. आम्हाला वाटे, माणूस झोपला की दुखणं गेलं. जो तो आपली टिमकी वाजवायचा. शेवटी परीक्षा, आणि पास झाला त्याला प्रमाणपत्र. त्याच्या जोरावर दुखण्याची वेगळी ओपीडी चालवता येणार होती. पण परीक्षेला बसायचं तर आधी ठरलेली इंजेक्शनं स्वतःच्या हातानं दिलेली पाहिजेत, शिकवणाऱ्या मोठ्या साहेबांच्या नजरेखाली.

मला ते प्रमाणपत्र पाहिजे होतं. बापासाठी पाहिजे होतं.

बाप नंदिनीच्या खाणीवर ठेकेदाराच्या हाताखाली चुनखडीचे दगड ट्रकमध्ये भरायचा. भंडाऱ्याकडून आला तेव्हापासून तेच. मी शिकत होतो तेव्हाच त्याची कंबर गेली. कळ कमरेतून निघायची आणि पायाच्या बोटापर्यंत जायची. ठेकेदारानं ठेवलेला डॉक्टर एक्स-रे उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "हड्डी ठीक है. नाटक करता है." नाटक करणारा माणूस चुलीपुढं बसायला दोन्ही हातांनी भिंत धरायचा. नाव पडलं कामचोर. मग काम गेलं, नाव राहिलं.

म्हणून मी गेलो होतो. भुलीची सुई येत होती; त्या कमरेत दुखण्याची सुई नेमकी कुठं घालायची, ते शिकायला.

मोठे साहेब नागपूरचे. पहिल्या दिवशी मी मराठीत बोललो तर केवढे खूश झाले. "अरे वा, आपला माणूस! इकडे मराठी ऐकलं की किती बरं वाटतं हो." खांद्यावर हात ठेवला. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. हात खांद्यावरून उतरला. घाईनं नाही, सावकाश. "अच्छा," साहेब म्हणाले, "बैठो, बैठो."

त्या दिवसापासून साहेब माझ्याशी हिंदीत बोलायला लागले. दुसऱ्या मराठी डॉक्टरांशी मराठीत. सेक्टर सहातल्या गणपतीची वर्गणी, नागपूरचं ऊन, सगळं मराठीत. माझ्याकडे वळले की हिंदी. कुठंही अडखळत नसत.

दुसऱ्या दिवशी जिवंत पाठ पाहिजे होती. सुई घालण्याआधी बोटांनी मणके मोजायला शिकावं लागतं, वरून खुणा कराव्या लागतात. साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

"तू लेट जा. दुबला है, तेरी हड्डियाँ अच्छी मिलती हैं."

सगळे हसले. मी पण हसलो. हाडं चांगली लागत होती हे खरंच होतं. लहानपणी ताटात जे नव्हतं, त्यानं ती वर आणली होती. मी शर्ट काढला, आणि मग रोजचंच झालं. सकाळी वर्ग सुरू झाला की कोणी सांगायच्या आधी माझा हात गुंडीकडे जायचा. एवढा मी तयार झालो होतो.

दुपारी खरे पेशंट यायचे. पाळीपाळीनं एकेकाच्या हातात सुई. माझी पाळी आली की साहेब म्हणायचे, "तू कल. आज इनको समझा दे, तेरे ही लोग हैं." मी छत्तीसगढीत समजावून सांगायचो. त्या माणसांना वाकवून, खांदे धरून बसायचो. तोंड माझ्याकडे, पाठ त्यांच्याकडे. सुई आत जाताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी खूप पाहिलं. सुई मात्र दुसऱ्याच्याच हातात. तो उद्या काही उगवला नाही.

हातमोजेवाले हाडांचे होते. स्वतःचा मोठा दवाखाना, गोड बोलणं. सवय असेल त्यांची, असं मी मनाशी म्हणत होतो. एक दिवस गुडघ्याचा धडा होता. औषधांच्या एका डॉक्टरनं गमतीनं आपली पँट वर दुमडली आणि पाय पुढं केला. "माझा गुडघा घ्या, घरचाच आहे." हातमोजेवाल्यांनी उघड्या हातानं गुडघा धरला, चाचपला, वर चापट मारली. नंतर कमरेची उजळणी. मी पालथा पडलो. मागे मोज्यांचा डबा उघडल्याचा आवाज आला.

तेव्हाही काही वाटलं नाही. खालच्या फरशीत एक भेग होती, ती पाहत राहिलो.

रविवारी बस धरून घरी गेलो. अंगणात नळाखाली आंघोळीला बसलो होतो. बा खाटेवर.

"कावून रे, पाठीवर काय गोंदून राहिले तुह्या?"

"शिकून राहिले बा. कमरेतली नस कुठं असते, थे."

बा उठला. उठायला त्याला वेळ लागायचा. माझ्या मागे येऊन त्यानं कमरेवरच्या फुलीवर बोट ठेवलं. दगडांनी घट्टे पडलेलं, खरबरीत बोट. मग तेच बोट त्यानं स्वतःच्या कमरेवर नेलं.

"हेच ठिकान हाय. इथूनच निंगते कळ."

"हो बा."

"म्हंजे त्याईले मालूम हाय हे?"

"मालूम हाय."

"मंग मले कामचोर कावून म्हने?"

मी पाणी ओतत राहिलो. पाठीवर त्याचं बोट जिथं टेकलं होतं तेवढीच जागा जाणवत होती. बाकी अंग लाकडासारखं. मग तांब्या हातातून खाली पडला. मी ज्या लोकांपुढं पालथा पडत होतो, तेच लोक माझ्या बापाला खोटारडा म्हणणारे होते. ठेकेदाराचा डॉक्टर वेगळा असेल. हात तोच होता. त्यांना आमची पाठ पाहिजे होती, पण आमचं दुखणं नको होतं. आईनं दोनदा जेवायला बोलावलं, मी गेलो नाही.

परीक्षेचा दिवस आला. बाहेरगावाहून परीक्षक आले होते. साहेबांनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं, "तेरे इंजेक्शन पूरे नहीं हुए. अगली बार." पण सकाळी हजर राहायला सांगितलं. का ते मला माहीत होतं. परीक्षार्थी जिवंत पाठीवर खुणा करून दाखवणार होते.

टेबलावर नवी चादर होती. मोज्यांचा डबा शेजारी.

"चल, शर्ट उतार," साहेब म्हणाले.

माझा हात गुंडीकडे गेला. सवयीनं गेला. आणि तिथंच थांबला.

मी त्यांच्याशी हिंदीत बोललो नाही. पुस्तकातलं मराठीही बोललो नाही. घरची बोली मी त्या खोलीत कधी काढली नव्हती. ती काढली.

"मी नाही झोपत. मले बी सुई शिकाची हाय. पाठ पाह्यजे असन, तं तुमी झोपा."

परीक्षक खिडकीबाहेर पाहायला लागले. हातमोजेवाले हळूच म्हणाले, "शिकवलं की डोक्यावर बसतात." गुडघावाला डॉक्टर मान खाली घालून बूट पाहत होता. साहेबांचा चेहरा लाल झाला. आणि पहिला दिवस सोडला तर तीन महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्याशी मराठीत बोलले.

"चालते व्हा."

चालता झालो. सिव्हिक सेंटरच्या बाजारापर्यंत पायी आलो. बरं वाटलं, सुटलो, असलं काही झालं नाही. प्रमाणपत्र गेलं होतं, आणि बापाची कंबर तशीच होती.

सुई मी पुढं दुसरीकडे शिकलो. उशिरा शिकलो. तोवर बा गेला होता. त्याच्या कमरेत ती सुई कधीच गेली नाही. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. माझं नाही मिळालं.

आता माझ्याकडे डॉक्टर शिकायला येतात. हाडांचे, नसांचे, भुलीचे. त्यांच्या प्रमाणपत्रावर माझी सही लागते. पहिल्या दिवशी मी कोणाला आडनाव विचारत नाही. कोणाची डिग्री सगळ्यात मोठी ते विचारतो. त्यानं आधी शर्ट काढायचा आणि टेबलावर पालथं पडायचं. मग बाकीच्यांनी, एकेक करून. हात उघडे ठेवायचे. सगळ्यांची पाठ झाल्याशिवाय सुईला हात लावू देत नाही. कोणी म्हणतो, सर, मी सर्जन आहे, हे मला शोभत नाही. कोणी वरून फोन करवतो. मी ऐकून घेतो.

झोपला नाही, त्याला सही नाही.